कोंबडखतापासून बायोगॅस (सोलापूर जिल्हा)

पोल्ट्रीतील विष्ठा हवाबंद टाकीत कुजवून मिथेनयुक्त वायू आणि स्लरी (कुजून उरलेले पातळ खत) मिळवण्याची पद्धत. अंड्यांवरच्या एका कोंबडीची ओली विष्ठा दिवसाला साधारण १०० ग्रॅम भरते. १०,००० पक्ष्यांच्या शेडखाली रोज टनभर खत पडते. किलोमागे ०.०६ घनमीटर वायू धरला, तरी रोज सुमारे ६० घनमीटर, म्हणजे जवळपास दोन घरगुती सिलिंडरांचे इंधन होते. हाच ढीग उघड्यावर राहिला की माश्या आणि वास वस्तीपर्यंत पोचतात.

मात्र गोबरगॅसची रीत कोंबडखताला जशीच्या तशी लावता येत नाही. शेणातील कार्बन-नत्र गुणोत्तर २५ च्या आसपास असते, कोंबडखताचे जेमतेम १०. जीवाणूंना २० ते ३० मानवते. पक्ष्यांची लघवी वेगळी नसते, त्यामुळे सगळे नत्र, बहुतांशी यूरिक आम्लाच्या रूपात, विष्ठेतच उतरते. कुजताना त्याचा अमोनिया होतो आणि मिथेन तयार करणारे जीवाणू त्यानेच मंदावतात. सोलापूरचे ऊन इथे दुधारी ठरते. उष्णतेने कुजणे वेगाने होते, पण तापमान वाढेल तसा अमोनियाचा जीवाणूंना घातक असणारा मुक्त अंशही वाढतो. मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा टाकीची भरणी हात राखूनच करावी.

खत पातळ करून अमोनिया सौम्य ठेवायला पाणी लागते, आणि या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तेच महाग. स्लरीचे निथळ पुन्हा वापरल्यास पाणी वाचते. पण सतत तेच फिरवले तर अमोनिया साचत जातो. त्यापेक्षा मिश्रण सुधारणे शहाणपणाचे. ज्वारीचा कडबा कार्बनयुक्त असला, तरी तो जनावरांच्या तोंडचा. टाकीत घालणे योग्य नाही. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर असल्याने गाळप हंगामात प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) मिळते, एरवी शेण मिसळावे. प्रेसमडमधल्या गंधकामुळे हायड्रोजन सल्फाइड मात्र वाढतो. तो काढण्यासाठी वायू गंजलेल्या लोखंडी किसातून नेतात. तांबूस कीस काळा पडला की बाहेर काढून हवेवर पसरायचा. पुन्हा तांबूस झाला की काही काळ चालतो.

लेअरच्या, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांची भरड असते. तिची पांढरी, खरखरीत रेती टाकीच्या तळाशी बसून क्षमता खाते. म्हणून भरणीच्या हौदातच ती बसू द्यावी आणि पिसे चाळून घ्यावीत. ब्रॉयलरच्या (मांसासाठीच्या कोंबड्यांच्या) खतात शेडमध्ये अंथरलेले भाताचे तूस असते. ते सावकाश कुजते आणि वर तरंगून साय धरते, त्यामुळे टाकी ढवळावी लागते. दुरुस्तीसाठी रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही उतरू नये. साचलेला वायू क्षणात जीव घेतो.

कच्चे कोंबडखत पिकाला उष्ण पडते, असे शेतकरी सांगतात आणि ते खरेच आहे. कुजलेल्या स्लरीतील नत्र बरेचसे अमोनियाच्या रूपात असल्याने लवकर लागू होते. पण उन्हात पसरल्यास उडून जाते. सांगोला भागातील डाळिंबाला ती संध्याकाळी, झाडाच्या आळ्यात, पाण्यासोबत देऊन मातीने झाकावी.