कार्लोफोर्ते : दोनदा समुद्र ओलांडलेल्या माणसांचं गाव
(सार्डिनिया सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

सार्डिनियाच्या सहलीत आम्ही कार्लोफोर्तेला दोन रात्रींचा मुक्काम ठेवतो. इतक्या लहान गावात दोन रात्री कशाला, असं बरेच प्रवासी विचारतात. या गावाची हकिकत ठाऊक असेल तर तिथल्या गल्ल्यांमधून फिरण्याची गोडी वाढते, म्हणून निघण्याआधी एवढं वाचून ठेवा.

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या नैर्ऋत्येला सान पिएत्रो हे सुमारे 51 चौरस किलोमीटरचं बेट आहे. त्यावरचं एकमेव गाव म्हणजे कार्लोफोर्ते. वस्ती सहा हजारांच्या आसपास. इथले लोक मूळचे सार्डिनियाचे नाहीत. त्यांचे पूर्वज इटलीतल्या जेनोआ या बंदराच्या शहराजवळच्या पेली गावचे. 1540 च्या दशकात लोमेल्लिनी या जेनोआच्या सावकार घराण्याने त्यांना पोवळी काढण्यासाठी ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या ताबार्का बेटावर नेलं. तिथे त्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. पुढे पोवळी कमी झाली, जाच वाढला, तेव्हा सार्डिनियाचा राजा कार्लो एमान्युएले तिसरा याने त्यांना हे ओसाड बेट दिलं. 1738 मध्ये ते इथे उतरले आणि राजाच्या नावावरून गावाला नाव ठेवलं. जे ताबार्कातच राहिले त्यांना 1741 मध्ये ट्युनिसच्या बेने (तिथल्या शासकाने) गुलाम केलं.

नव्या गावातही स्वस्थता मिळाली नाही. 1793 मध्ये फ्रेंचांनी काही महिने बेट ताब्यात घेतलं. बंदरासमोर राजाचा पुतळा आहे, त्याचा एक हात तुटलेला दिसेल. फ्रेंचांच्या हाती लागू नये म्हणून गावकऱ्यांनी पुतळा पुरून ठेवायचं ठरवलं, त्या खटपटीत हात गेला, असं सांगतात. त्याहून भयंकर घडलं सप्टेंबर 1798 मध्ये. ट्युनिसचे चाचे रात्री गावात घुसले आणि बायकामुलांसह सुमारे 900 माणसं धरून घेऊन गेले. खंडणी भरून त्यांची सुटका व्हायला 1803 उजाडलं. गुलामीत असताना त्यांच्यातल्या एकाला मेरीमातेची एक लाकडी मूर्ती सापडली. ती मूर्ती आज गावातल्या छोट्या चर्चमध्ये आहे, आणि 15 नोव्हेंबरला तिचा उत्सव असतो. या चर्चमध्ये थोडा वेळ नक्की बसा. गावाचं सारं दुःख आणि सारा विश्वास तिथे एकत्र आहे, असं आम्हाला वाटतं.

एवढ्या उलथापालथीतून त्यांनी आपली बोली सोडली नाही. तिचं मूळ जेनोआकडचं. सार्डिनियन भाषेशी तिचा मेळ बसत नाही. बाजारात लहान मुलंही ती बोलताना ऐकू येतील.

आकाशाची आवड असेल तर सान व्हित्तोरियो बुरूज पाहा. 39 अंश 8 मिनिटं उत्तर अक्षांशावर 1899 मध्ये जगभर सहा वेधशाळा सुरू झाल्या, त्यांपैकी एक या बुरुजात होती. एकाच अक्षांशावरून सगळ्यांनी तेच तारे पाहायचे आणि पृथ्वीचा आस किती डळमळतो ते मोजायचं, अशी ती योजना होती. जपानमधलं मिझुसावा हे तिचंच एक ठाणं. गावाबाहेरच्या जुन्या मिठागरांत फ्लेमिंगो (रोहित) दिसतात.

खाण्याबद्दल. मे-जूनमध्ये इथे जाळ्यांच्या सापळ्याने ट्यूना पकडतात. गावाची ख्याती त्या मासळीमुळेच आहे, मासे खाणाऱ्यांची चंगळ होते. शाकाहारी मंडळींनीही काळजी करू नये. बारीक रव्याचा भाज्या घातलेला कुसकुस ताबार्काहून आला. तुळशीच्या जातीच्या पानांची चटणी, म्हणजे पेस्तो, जेनोआहून. हरभऱ्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली फायने तर आपल्या बेसनाच्या धिरड्याची आठवण करून देते. कुसकुस मागवताना त्यात मांस किंवा मासळीचा रस्सा नाही ना, एवढं विचारून घ्या.

ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात, म्हणून आम्ही मे किंवा सप्टेंबर सुचवतो. दुपारी बरीच दुकानं बंद असतात. औषधं, पाणी वगैरे सकाळीच घ्या. सार्डिनियाची राजधानी काल्यारीहून पोर्तोव्हेस्मे बंदरापर्यंत गाडीने दीड तास लागतो आणि तिथून फेरीबोटीने साधारण पाऊण तास. मिस्त्राल हा वायव्येकडचा वारा जोरात सुटला की बोटी थांबतात. त्यामुळे बेटावरून निघण्याचा आणि विमानाचा दिवस आम्ही कधीच एक ठेवत नाही. आपण स्वतः तिकिटं काढणार असाल तर तुम्हीही ठेवू नका.