एका बीजांडाला एकच नळी

रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पाण्यात नाचणारे परागकण पाहिले, हे वाक्य शाळेच्या वहीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे सापडतं. ते चूक आहे. जून 1827 मध्ये त्याने पाहिले ते क्लार्किया पुल्चेला या फुलाच्या परागकणांच्या पोटातले अतिसूक्ष्म कण. अख्खा परागकण त्यांच्यापुढे धोंडाच. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांना तो काय दाद देणार? ही हालचाल म्हणजे जिवंतपणाची खूण असावी, असं ब्राऊनलाही आधी वाटलं. मग त्याने काच कुटली, खडक कुटले, इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडाही कुटून पाण्यात टाकला. सगळ्यांची पूड तशीच थरथरत होती! 'वनस्पतींची स्पंदनं' विकणाऱ्या मंडळींनी एवढं तरी करून पाहावं.

पण मुळात तो परागकणांत डोकावत होता कशासाठी? पराग पडतो फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर, आणि ज्याचं पुढे बी होतं ते बीजांड असतं खाली अंडाशयात. मधली वाट कोण आणि कशी कापतं, हे कोडं होतं.

ते सुटायला लागलं इटलीतल्या मोडेनात. जोव्हानी बात्तिस्ता अमिची हा तिथला गणिताचा प्राध्यापक, पण खरा वाकबगार सूक्ष्मदर्शक बनवण्यात. 1823 च्या सुमाराला तो घोळीच्या फुलातल्या कुक्षीवरचे केस न्याहाळत होता. होय, आपण भाजी करतो तीच घोळ. त्याला पाहायचा होता केसाच्या आतला रसाचा प्रवाह. एका केसाला चिकटलेल्या परागकणातून अचानक एक बारीक नळी बाहेर आली.

पॅरिसमध्ये ब्रोन्यार या वनस्पतिशास्त्रज्ञाने पुष्कळ फुलांत अशा नळ्या पाहिल्या, पण नळी फुटते आणि आतले कण सुटे होऊन खाली झिरपतात, असं त्याचं मत पडलं. 1830 मध्ये अमिचीने पॅरिसच्याच मिर्बेल या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहून ते खोडलं. नळी थोडी थोडी वाढत थेट बीजांडाला भिडते, आणि प्रत्येक बीजांडाला एक नळी, असं त्याने कळवलं. पत्र तिथल्या नियतकालिकात छापलं गेलं. तेव्हा शोधनिबंध आणि पत्र यांच्यात फारसं अंतर नव्हतंच. ब्राऊननेही आपली निरीक्षणं 1828 मध्ये स्वतः छापून आधी ओळखीच्यांत वाटली होती. 

आता ती नळी. परागकण कुक्षीवरचं पाणी शोषून फुगतो आणि कवचातल्या नाजूक जागेतून नळी बाहेर पडते. ती वाढते फक्त टोकाला. टोकाची भिंत पेक्टिन या चिकट पदार्थाची, मऊ. आतला दाब तिला पुढे रेटतो आणि पेशीतल्या सूक्ष्म पिशव्या टोकाशी येऊन नवा माल ओततात. मऊ भिंत फाटत कशी नाही? टोकामागची भिंत लगेच घट्ट होत जाते, आणि हा सगळा मेळ टोकाजवळच्या कॅल्शियम आयनांच्या चढउतारावर चालतो. नळीत मागे कॅलोज या शर्करेपासून बनलेल्या पदार्थाची बुचं बसत जातात, त्यामुळे जिवंत ऐवज, नरयुग्मकांसह (म्हणजे फलन करणाऱ्या नर पेशींसह), पुढच्याच भागात राहतो.

शेवटच्या टप्प्यात वाट दाखवतात बीजांडातल्या अंडपेशीशेजारच्या दोन सहायक पेशी. त्या छोटी प्रथिनं सोडून नळीला ओढतात. 2009 मध्ये तोरेनिया या वनस्पतीत ती ओळखता आली. नळी एका सहायक पेशीत शिरून फुटते, ती पेशी मरते आणि फलन झालं की दुसरीही निकामी होते. बोलावणंच बंद झाल्यावर दुसरी नळी सहसा फिरकत नाही. अमिचीच्या त्या 'प्रत्येकाला एक'चं कारण हे.

मक्यात हा हिशेब उघड्या डोळ्यांनी दिसतो. कणसाचा एकेक केस एकेका बीजांडाचा, आणि त्यातून नळीला कधी कधी वीतभर अंतर साधारण एका दिवसात तोडावं लागतं. कणीस सोलल्यावर मधे मधे दाणे भरलेले नसतील, तर पुष्कळदा त्या केसांवर पराग वेळेत पोचलेलाच नसतो.