'जेआरएफ'चा 'पीए' कसा झाला

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात फलकावर 'वॉक-इन इंटरव्ह्यू'चा कागद लागतो. पद लिहिलेले असते 'प्रोजेक्ट असोसिएट-1' (पीए), आणि मुले विचारतात, "सर, जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोची) जागा निघाली का?" घोळ मुलांचा नाही, नावाचाच आहे.

मुंबईचे विद्यापीठ 1857 चे, पण सुरुवातीची कित्येक वर्षे काम परीक्षा घेण्याचेच. स्वातंत्र्यानंतर संशोधनाचा मोठा पैसा राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे वळला. पुण्यातल्या पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 ची. प्रकल्पागणिक अनुदानाची रीत 1974 नंतर रुळली आणि तिच्यासोबत मुदतीच्या जागा आल्या.

1984 पासून 'नेट' या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ मिळू लागली. ही फेलोशिप उमेदवाराच्या नावावर असते. मार्गदर्शक कोण, हे तोच ठरवतो. प्रकल्पातला जेआरएफ वेगळा. पैसा प्रकल्पाचा, निवड प्राध्यापकांची, आणि जाहिरातीच्या तळाशी ठरलेली ओळ: पद पूर्णतः तात्पुरते, प्रकल्पाबरोबर संपुष्टात येईल. तीन वर्षांच्या प्रकल्पात दीड वर्ष उलटल्यावर रुजू झालेल्याच्या हाती उरतेच किती? तरी दोघांचे नाव एक, टेबल एक आणि परिपत्रकातली रक्कमही एकच. 2014 मध्ये ती महिन्याला 25,000 रुपये झाली, 2019 मध्ये देशभरच्या आंदोलनानंतर 31,000.

मग आले जुलै 2020 चे परिपत्रक. प्रकल्पातल्या माणसांची केंद्राने नवी उतरंड लावली: असिस्टंट, असोसिएट, सायंटिस्ट. 'फेलो' हा शब्द त्या यादीत नव्हता. नाव स्वच्छ झाले, हे मान्य. पण त्या परिपत्रकात असोसिएट-1 ला नेट किंवा गेट (अभियांत्रिकी-विज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा) असेल तर 31,000, नसेल तर 25,000, वर घरभाडे भत्ता. म्हणजे एकाच फ्यूम हूडसमोर (विषारी वाफा खेचणाऱ्या कपाटासमोर) उभ्या दोघांत महिन्याला मूळ रकमेतच 6,000 चा फरक. समर्थक म्हणतात, परीक्षेमुळे देशभर एकच मापदंड राहतो. असेलही, पण कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची नळी) चालवायला कोणाचा हात बसलाय, हे ती परीक्षा सांगत नाही. विभागप्रमुखांच्या दालनाबाहेर फाइल छातीशी धरून बसलेल्याला आत पहिला प्रश्न येतो तो मात्र नेट-गेटचाच.

तांत्रिक जागांची कथा थोडक्यात सांगता येते, कारण कायम जागाच थोड्या. प्रयोगशाळा सहायक निवृत्त होतो आणि पद रिकामे राहते. मग बीएस्सी किंवा डिप्लोमावाला प्रोजेक्ट असिस्टंट (2020 च्या परिपत्रकात 20,000) कोट्यवधींचे यंत्र सांभाळतो. प्रकल्प संपला की तो जातो. यंत्राच्या झाकणावर त्याच्या अक्षरातल्या सूचना तेवढ्या चिकटलेल्या राहतात.

2023 मध्ये जेआरएफ 37,000 झाली. त्यानंतरच्या कित्येक जाहिरातींत असोसिएटपुढे आकडा होता 31,000 चाच.