रीटमध्ये पैसे घालण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत गाळा घेऊन तो भाड्याने देणे ही कोल्हापुरातील अनेक कुटुंबांच्या सवयीची गुंतवणूक आहे. मात्र त्यासाठी मोठी रक्कम एकदम उभी करावी लागते, घरपट्टी आणि दुरुस्तीचा व्याप मागे लागतो, आणि भाडेकरू सोडून गेला की नवा मिळेपर्यंत गाळ्याला कुलूप राहते. त्यामुळे ‘रीटमध्ये पैसे घालावेत का?’ ही विचारणा आमच्याकडे आता वारंवार होऊ लागली आहे.

रीट म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास. अनेकांच्या पैशातून हा न्यास मोठी कार्यालयीन संकुले किंवा मॉल बाळगतो आणि त्यांच्या भाड्यातून युनिटधारकांना, म्हणजे न्यासातील हिस्से (युनिट) घेणाऱ्यांना, वाटा देतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने त्याचे नियम २०१४ मध्ये केले आणि एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातील पहिला रीट बाजारात नोंदला गेला. पुढे माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड आणि मॉलची मालकी असलेला नेक्सस सिलेक्ट हे आले. नियमानुसार किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली व उत्पन्न देणारी असावी लागते, आणि वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम वाटावी लागते, तीही सहा महिन्यांतून एकदा तरी. डीमॅट खाते असल्यास शेअरप्रमाणे एक युनिटही घेता येते.

खरी मेख वाटपाच्या रकमेत आहे. ती रक्कम मुदत ठेवीच्या व्याजासारखी एकजिनसी नसते. तीत व्याज, लाभांश आणि न्यासाने मालमत्ता बाळगणाऱ्या आपल्या कंपन्यांना दिलेल्या कर्जाची परतफेड असे वेगवेगळे भाग असतात. व्याजावर आपल्या टप्प्याच्या दराने कर लागतो. लाभांश करपात्र आहे की नाही, हे संबंधित कंपनीने सवलतीचा करदर स्वीकारला आहे का यावर ठरते. परतफेडीचा भाग सर्वसाधारणपणे त्या वर्षी करपात्र नसतो, पण तेवढ्याने आपली खरेदी किंमत कमी होते. समजा, ३०० रुपयांच्या युनिटवर वर्षात १८ रुपये आले आणि त्यांतील ८ रुपये परतफेडीचे असले, तर पुढे विक्रीच्या वेळी खरेदी किंमत २९२ रुपये धरली जाईल. म्हणून ‘सहा टक्के सुटतात’ असे म्हणून ठेवीशी थेट तुलना करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

युनिटचा भाव रोज बदलतो आणि मुद्दलाची कोणतीही हमी नसते. जागा रिकाम्या राहिल्या तर वाटप घटते. व्याजदर वाढले की भावावर दाब येतो. न्यासाला मालमत्तेच्या मूल्याच्या ४९ टक्क्यांपर्यंत कर्ज घेता येते, त्यामुळे किती टक्के जागा भाड्याने गेल्या आहेत, मोठे भाडेकरार कधी संपतात आणि कर्ज किती आहे, हे आकडे खरेदीपूर्वी अहवालात पाहावेत. बाजारात नोंद नसलेल्या ‘एकत्र मालकी’च्या योजना, विशेषतः ठरावीक परताव्याची खात्री देणाऱ्या, यांना रीट समजू नये.

पुढील वर्षी लागणाऱ्या पैशांसाठी, म्हणजे मुलीचे लग्न किंवा घराचे बांधकाम यांसाठी राखलेल्या रकमेसाठी, आम्ही रीट सुचवत नाही.

ज्यांच्याकडे युनिट आहेत त्यांनी आयकर विवरणपत्रासाठी येताना रीटकडून आलेले वाटपाचे विवरण सोबत आणावे. पासबुकात एकच रक्कम जमा दिसते, तिची विभागणी कळत नाही.