रिचर्ड एस्टिस म्हणजे चक क्लोज नव्हे

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक चित्र फिरत असतं. न्यूयॉर्कमधलं काचेचं दुकान, त्या काचेत समोरच्या इमारती, आणि खाली ओळ: "हा फोटो नाही, चित्र आहे!" त्याच्या जोडीला हटकून ओठांत सिगारेट धरलेल्या, विस्कटलेल्या केसांच्या चष्मेवाल्या माणसाचा अवाढव्य चेहरा असतो. पहिलं रिचर्ड एस्टिसचं, दुसरं चक क्लोजचं. दोघे अमेरिकी, दोघे १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेले, दोघांवर फोटोरिअलिझमचा, म्हणजे फोटोवरून फोटोसारखीच चित्रं रंगवणाऱ्या शैलीचा शिक्का. मग कौतुकही एकाच दमात होतं: फोटो बघून काय हुबेहूब उतरवलंय! क्लोजबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे. एस्टिसबद्दल ते साफ चुकीचं आहे, आणि या चुकीमुळे लोक त्याची चित्रं नीट बघतच नाहीत.

क्लोज बहुतेकांना माहीत आहे, म्हणून त्याच्याबद्दल थोडक्यात. तो चेहरा म्हणजे त्याचं १९६७-६८चं 'बिग सेल्फ-पोर्ट्रेट'. ते मिनिॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये आहे आणि त्याची उंची जवळपास २७३ सेंटिमीटर आहे. स्वतःच्या कृष्णधवल फोटोवर क्लोजने चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर मोठ्या करून आखल्या आणि एकेक चौकट भरत नेली. शाळेत नकाशा मोठा करायला आपण हीच युक्ती वापरायचो. रंग मुख्यतः एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या उपकरणाने. आता त्या चित्रातले कान आणि खांदे बघा. ते धूसर आहेत. माणसाचे कान धूसर नसतात. लेन्सने डोळ्यांच्या आसपासचा भाग स्पष्ट टिपला आणि मागचा सोडून दिला, म्हणून ते फोटोत धूसर आले. क्लोजने ती धूसरताही इमानाने रंगवली. त्याचा विषय समोरचा माणूस नव्हे, त्या माणसाचा फोटो हा आहे. हे त्याने जाणूनबुजून केलं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

एस्टिसचा जन्म १९३२चा, इलिनॉय राज्यातल्या केवानी गावातला. १९५२ ते १९५६ तो शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत शिकला. मग न्यूयॉर्क, आणि तिथे कित्येक वर्षं मासिकं आणि जाहिरात कंपन्यांसाठी पोटापाण्याची चित्रकारी. पहिलं एकल प्रदर्शन १९६८ साली, ॲलन स्टोन गॅलरीत. तोही कॅमेरा वापरतो. लपवत तर मुळीच नाही. गोंधळ सुरू होतो तो इथेच: कॅमेरा वापरला म्हणजे फोटोची नक्कल केली, असं लोक धरून चालतात.

काचेचं उदाहरण घ्या, कारण एस्टिसचा सगळा जीव काचेत आहे. दुकानासमोर तुम्ही उभे आहात. काचेवर रंगवलेली अक्षरं तुमच्यापासून दोन हातांवर आहेत. आतलं टेबल त्याच्या मागे काही फुटांवर. आणि काचेत दिसणारी रस्त्यापलीकडची इमारत? प्रतिबिंब काचेवर चिकटलेलं नसतं. इमारत काचेच्या पुढे जितकी लांब, तितकंच तिचं प्रतिबिंब काचेच्या मागे, खोल कुठेतरी असतं. अक्षरांवर नजर लावली की इमारत विरघळते, इमारतीवर लावली की अक्षरं फिसकटतात. डोळा या तीन अंतरांमध्ये सतत ये-जा करतो आणि आपल्याला वाटतं, सगळं एकदमच दिसलं. कॅमेऱ्याला अशी ये-जा करता येत नाही. एका क्लिकमध्ये एकच अंतर पूर्ण धारदार येतं. उजेडाचंही तेच. दुकानाच्या आतल्या अंधारासाठी योग्य असलेलं एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतलेला उजेड) बाहेरचं ऊन पांढरंफटक करून टाकतं, आणि उन्हासाठीचं एक्स्पोजर आतलं सगळं काळं करतं.

एस्टिसच्या चित्रात अक्षरं, टेबल आणि इमारत तिन्ही सारखीच धारदार असतात, आणि आतलं व बाहेरचं दोन्ही उजळलेलं असतं. असा फोटो त्याच्यापाशी नसतोच. तो एकाच जागेचे अनेक फोटो काढतो, ते समोर ठेवतो आणि त्यांतून कुठलं काय घ्यायचं ते ठरवतो. रेषा कललेली वाटली तर सरळ करतो, एखादी वस्तू खटकली तर हलवतो किंवा काढून टाकतो. हे सगळं हाताने. प्रोजेक्टर नाही, चौकटी नाहीत, एअरब्रश नाही. आधी ॲक्रिलिकचा सैलसर थर, त्यावर तैलरंग. मूळ चित्राजवळ गेलं की कुंचल्याचे फटकारे सरळ दिसतात. क्रोमची चकाकी म्हणजे जवळून निव्वळ राखाडी-पांढरे ठिपके असतात. १९६७चं 'टेलिफोन बूथ्स' माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात आहे. ओळीने उभे चार बूथ, आत माणसं, आणि धातूच्या चौकटींत व काचांत तुकडे तुकडे झालेलं शहर. कोणता तुकडा आतला आणि कोणता बाहेरचा, हे सोडवता सोडवता आपण त्या फुटपाथवर रेंगाळतो.

या कामाचं नातं मला क्लोजपेक्षा व्हेनिसचा चित्रकार कानालेट्टो याच्याशी जवळचं वाटतं. तोही अठराव्या शतकात वेगवेगळ्या जागांवरून दिसणारी दृश्यं एका चित्रात बेमालूम जुळवत असे, आणि बघणाऱ्याला वाटे की व्हेनिस अगदी असंच दिसतं.

"मग फोटोच काढायचा की!" हा शेरा मला सगळ्यात जास्त खुपतो. असा शेरा मारणाऱ्यांनी एस्टिसचं १९७६चं 'डबल सेल्फ-पोर्ट्रेट' बघावं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. रेस्टॉरंटची काच, तिच्यात रस्ता, आणि त्या रस्त्यावर तिपाईवरच्या कॅमेऱ्याशेजारी उभा एस्टिस. आत लांबच्या आरशात तो पुन्हा एकदा, अगदी लहान. कॅमेरा चित्रातच उभा आहे, आणि तरीही चित्रातलं दृश्य त्या कॅमेऱ्याच्या आवाक्यातलं नाही.

हे चित्र जेमतेम ९१ सेंटिमीटर रुंद आहे. क्लोजचा चेहरा उंचीलाच त्याच्या तिप्पट. मोबाइलवर दोन्ही तळहाताएवढी होतात, फटकारे मिटून जातात, आणि दोन्ही खरोखरच फोटोसारखी दिसू लागतात. गैरसमजाचं मोठं कारण हेच आहे.

शिक्क्याचाही दोष आहे. फोटोरिअलिझम हे नाव रूढ करणारे गॅलरीमालक लुई मायझल यांनी पुढे त्याच्या पाच अटी लिहून काढल्या. दुसरी अट अशी: फोटोतली माहिती यांत्रिक किंवा अर्धयांत्रिक पद्धतीने कॅनव्हासवर उतरवायची. क्लोजच्या चौकटी त्यात चपखल बसतात. हाताने रेखाटणारा एस्टिस ओढूनताणूनच बसवावा लागतो, तरी त्याचं नाव फोटोरिअलिस्टांच्या यादीत पहिल्या काहींत असतं. मी त्याला सरळ वास्तववादी चित्रकार म्हणते. आणि एस्टिसचे रिकामे रस्ते दिसले की लगेच एकाकी माणसं रंगवणारा अमेरिकी चित्रकार एडवर्ड हॉपर आठवणाऱ्यांना एवढंच सांगेन, की हॉपरचा एकटेपणा एस्टिसमध्ये शोधू नका. तिथे नजर भावनेवर नाही, उजेडावर आहे.

पुढे दोघांच्या वाटा इतक्या फाकल्या की गल्लत व्हायला नको होती. १९८८ साली क्लोजच्या मणक्यातली रक्तवाहिनी निकामी होऊन त्याचं मानेखालचं शरीर लुळं पडलं. त्यानंतर हाताला कुंचला बांधून त्याने काम केलं. चौकटी तर त्याआधीपासूनच उघड्या राहू लागल्या होत्या: प्रत्येकीत रंगीत वेटोळी, आणि लांबून चेहरा. २०२१ साली तो गेला. एस्टिसने अमेरिकेच्या मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटावर घर केलं, तिथलं पाणी आणि झाडी रंगवली, पुढे अंटार्क्टिकाचा बर्फही रंगवला. तिथे ना दुकानं, ना काचा. तरी होडीमागच्या पाण्यात तो तेच करत राहिला: पृष्ठभागावरची लाट आणि तिच्यातलं आकाश, दोन्ही एकाच धारेने.