संदर्भ मर्यादा (रक्ततपासणी)

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर प्रत्येक निकालासमोर किमान आणि कमाल असे दोन आकडे छापलेले असतात. त्यांच्यामधला टप्पा म्हणजे संदर्भ मर्यादा, रोजच्या बोलण्यातली ‘नॉर्मल रेंज’. ती ठरवण्यासाठी निरोगी म्हणून निवडलेल्या किमान १२० जणांचे रक्त तपासतात, निकाल चढत्या क्रमाने लावतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के घेतात. एवढा खटाटोप प्रत्येक प्रयोगशाळेला झेपत नाही. बहुतेक जणी यंत्र किंवा किट बनवणाऱ्या कंपनीची मर्यादा थोड्या नमुन्यांवर पडताळून वापरतात. म्हणूनच दोन प्रयोगशाळांच्या मर्यादा तंतोतंत जुळत नाहीत. मोजमापे कोणाची आणि कोणत्या परिस्थितीत घेतली हे कळल्याशिवाय अशा आकड्यांना अर्थ नाही, ही भूमिका फिनलंडचे संशोधक राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस यांनी १९६९ मध्ये मांडली. आजची पद्धत त्याच विचारावर उभी आहे.

मधले ९५ टक्के घेतले, म्हणजे २० निरोगी माणसांतला एक जण मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर त्यांतली एक तरी बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. काही त्रास नसताना मोठे पॅकेज करून घेणाऱ्याला हे रक्त देण्याआधीच सांगायला हवे. नाहीतर ठळक छापलेल्या एका आकड्यापायी त्याची झोप उडते आणि पुढच्या तपासण्यांची रांग लागते.

याची उलट बाजू जास्त घातक आहे, कारण ती दिसत नाही. क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य स्नायूंमध्ये तयार होते आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. एखाद्या सडपातळ बाईंचे क्रिएटिनिन वर्षानुवर्षे ०.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येत होते आणि यंदा ते १.१ आले, तरी पुष्कळ रिपोर्टांवर ते मर्यादेतच बसते. शेजारी कसलीही खूण उमटत नाही. प्रत्यक्षात मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता निम्म्याजवळ उतरलेली असू शकते. क्रिएटिनिन माणसागणिक बरेच वेगळे असते, पण एकाच माणसाचे सहसा फारसे हलत नाही. त्यामुळे इथे छापील मर्यादेपेक्षा जुना रिपोर्ट जास्त बोलका ठरतो.

सगळेच आकडे निरोगी लोकांच्या मोजमापांतून येत नाहीत. मधुमेहासाठी उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ टक्के हे निर्णयाचे आकडे आहेत. कुठल्या पातळीपासून आजाराचे दुष्परिणाम वाढतात हे पाहून ते ठरवले गेले. कोलेस्टेरॉलचेही तसेच. वय, लिंग आणि गर्भावस्थेनुसारही मर्यादा बदलतात. वाढत्या मुलांत हाडे घडत असल्याने अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) प्रौढांपेक्षा चांगलेच जास्त असते, आणि ते आजाराचे लक्षण नव्हे.

आकडा चुकतो तो बहुतेक वेळा नमुना यंत्रात जाण्याआधी. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए या रसायनाचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो आणि तो कॅल्शियम बांधून ठेवतो. त्या नळीतले थोडे रक्त सिरमच्या (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाच्या) नळीत गेले, की हिंडत्या-फिरत्या माणसाचे पोटॅशियम जीवघेणे वाढलेले आणि कॅल्शियम विलक्षण घटलेले दिसते. ही जोडी एकत्र दिसली की जाणता तंत्रज्ञ आधी नळ्या कोणत्या क्रमाने भरल्या ते विचारतो. याच ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजते. काचपट्टीवर गुठळ्या दिसल्या की सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतात. लाल पेशी फुटल्या तर सिरम लालसर होते आणि पोटॅशियम खोटे वाढते. साध्या नळीत तसेच ठेवलेल्या रक्तातली साखर पेशीच वापरतात, त्यामुळे ती तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते.

संदर्भ मर्यादेच्या पलीकडे आणखी एक रेषा असते: ती ओलांडली की जिवाला तत्काळ धोका संभवतो. अशा निकालांची वेगळी यादी ठेवण्याची कल्पना अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी १९७२ मध्ये मांडली. असा निकाल आला, की प्रयोगशाळा छापील रिपोर्टाची वाट न पाहता थेट डॉक्टरांना फोन करते, ऐकणाऱ्याकडून आकडा परत वदवून घेते आणि कोणाला, किती वाजता कळवले याची नोंद ठेवते.