डी-डायमर नेमकं काय सांगतं?

कोविडनंतर रक्ततपासणीच्या कागदावरचा 'डी-डायमर' हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा झाला आणि आकडा वाढलेला दिसला की फुप्फुसात गुठळी असणारच, असा समजही पसरला. या चाचणीचा खरा उपयोग मात्र नेमका उलटा आहे.

गुठळी बहुतेकदा धरते पायातल्या खोल शिरेत. शिरा हृदयाकडे जाताना रुंदच होत जातात, त्यामुळे सुटलेला तुकडा वाटेत कुठे अडत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूतून तो पुढे ढकलला जातो आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकतो. तिथे हवा पोचते, रक्त पोचत नाही. म्हणून माणसाला अचानक धाप लागते आणि छातीचा एक्स-रे मात्र अनेकदा जवळपास नॉर्मल येतो. खोल श्वास घेताना टोचणारी कळ, जोरात धावणारी नाडी, खोकल्यातून रक्त, घेरी, एकाच पायाला सूज, यांतलं काहीही असू शकतं. अशा वेळी घरी थांबायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. (आणि सुजलेली पोटरी चोळायची नाही!)

आता डी-डायमर. गुठळीला घट्ट धरतात फायब्रिनचे धागे. फायब्रिनच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी 'ई' भाग असतो आणि दोन्ही टोकांना 'डी'. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी 'तेरावा घटक' शेजारच्या रेणूंची 'डी' टोकं एकमेकांना शिवून टाकतो. पुढे प्लाझ्मिन नावाचं विकर हे धागे कापतं, पण ती शिवण त्याला उसवत नाही. जोडलेली दोन 'डी' टोकं तशीच रक्तात फिरत राहतात. हाच डी-डायमर. म्हणजे कुठेतरी फायब्रिन जमलं आणि तुटलं, एवढंच तो सांगतो. कुठे आणि कशामुळे, ते नाही. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, कर्करोग, गरोदरपण, नुसतं वय, कशानेही तो वाढतो. म्हणून पन्नाशीनंतर नेहमीच्या ५०० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) ऐवजी वयाची दहापट ही मर्यादा धरतात.

मुळात शंका कमी असताना डी-डायमर नॉर्मल आला, तर गुठळी जवळपास नाहीच म्हणता येते. शंका दाट असेल, तर याच्यावर विसंबत नाहीत, थेट सीटी अँजिओग्राफी (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करतात.

'रक्त पातळ करणारं औषध' हे नावही फसवंच. हेपारिनने रक्त पातळ होत नाही, गुठळीही विरघळत नाही. ती वाढायची थांबते. रक्त पातळ करण्याचा दावा करणाऱ्या काढ्यांवर तर वेळच घालवू नये. विरघळवण्याचं काम आपलं प्लाझ्मिनच हळूहळू करतं. रक्तदाब कोसळू लागला तर मात्र तेवढी सवड नसते. तेव्हा शिरेतून जे औषध देतात, तेही याच प्लाझ्मिनला जागं करतं.